अडीच हजारांतले हाती किती येतात?

वस्तीत एखाद्या घरी रुग्ण बघायला गेलो की आम्ही तीन गोष्टी मागतो. जुने केसपेपर, चालू गोळ्यांची पिशवी आणि पासबुक. पहिल्या दोन लोक लगेच काढून देतात. पासबुक मागितले की घरात जरा कुजबुज होते. "सिस्टर, पासबुक कशाला पाहिजे?" कारण साधे आहे. गोळ्यांची पिशवी वीस तारखेलाच रिकामी का झाली, याचे उत्तर पुष्कळदा केसपेपरात सापडत नाही. ते पासबुकात सापडते.

आम्ही म्हणजे वस्तीत काम करणाऱ्या काही परिचारिका, आशाताई आणि दोन-तीन कार्यकर्ते. बँकेचे शिक्षण आमच्यापैकी कोणाचेच नाही. नर्सिंग शिकताना नाडी, ताप आणि श्वास मोजायला शिकवले. कोणाच्या खात्यातून किती रुपये गेले हे मोजायला कोणी शिकवले नाही. ते आम्ही वस्तीत शिकलो. आज या पानावर औषधाऐवजी बँकेचे लिहितो आहोत, कारण आमच्या मते ज्या घरात दिव्यांग माणूस आहे त्या घरात बँकेची कपात हा आरोग्याचाच प्रश्न आहे.

आधी मिळते किती ते पाहू. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या गरीब व्यक्तीला दरमहा अनुदान मिळते. २०२३ पर्यंत ते १००० रुपये होते, मग १५०० झाले. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांगांसाठी ते २५०० करण्याचा निर्णय घेतला. हे कोणी मेहरबानीने दिलेले नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २४ सांगते की सामाजिक सुरक्षेच्या योजनेत दिव्यांगाला इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त रक्कम द्यावी. दिव्यांगाला जगायला खर्च जास्त येतो, म्हणून. तरी निराधार विधवा भगिनीला १५०० आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही १५००, असेच कायद्यानंतर कितीतरी वर्षे चालले. आता वाढ झाली आहे. पण वाढलेले हजार रुपये घरात येतात की वाटेतच मुरतात, हे कोणी बघत नाही.

वाट कुठे कुठे झिरपते ते सांगतो.

आमच्या ओळखीचे एक काका आहेत. सफाईच्या ठेक्यावर पंधरा-सोळा वर्षे काम केले. साखरेच्या आजारात पायाची जखम चिघळली, पाय गुडघ्याखालून काढावा लागला. काम गेले. ठेकेदाराने पगारासाठी एका खासगी बँकेत खाते उघडून दिले होते, ते तेवढे राहिले. पगाराच्या खात्याला किमान शिल्लक लागत नाही, म्हणून काकांना आयुष्यात कधी त्याची काळजी पडली नव्हती. पण काही महिने पगार जमा झाला नाही की बँक त्या खात्याचे साधे बचत खाते करून टाकते. साध्या बचत खात्यात हजारो रुपये सतत पडून असावे लागतात. काकांचे आधार याच खात्याला जोडलेले होते, म्हणून दिव्यांग अनुदानही त्यातच येऊ लागले. शिल्लक कुठून राहणार? दर महिन्याला २०० रुपये दंड आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून २३६ रुपये कापले जात होते. वर्षाचे २८३२ रुपये. ज्या काळात अनुदान १५०० होते, त्या काळात जवळजवळ दोन महिन्यांचे अनुदान बँकेला गेले. काका म्हणायचे, "सरकारच कमी देते." तहसीलमध्ये जाऊन त्यांनी दोनदा भांडणही केले. तहसीलवाल्यांनी पूर्ण १५०० पाठवलेले होते.

काकांना इन्सुलिन लागते, पट्टी लागते, दुसऱ्या पायाची काळजी घ्यावी लागते. २०२३ च्या १५ ऑगस्टपासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण एक पाय असलेल्या माणसाला दवाखान्यापर्यंत ऑटो करावा लागतो, आणि ऑटोवाला मोफत नेत नाही. २३६ रुपये म्हणजे काकांच्या ड्रेसिंगच्या दोन फेऱ्या. त्या महिन्यात फेऱ्या चुकल्या की जखमेला वास येऊ लागल्यावरच आम्हाला निरोप येतो.

दुसरे घर एका ताईंचे. मुलगा एकवीस वर्षांचा, बौद्धिक अक्षमता आहे आणि फिट्स येतात. त्याचे अनुदान ज्या खात्यात येते, तेच खाते ताईंनी बचत गटाच्या वेळी एका फायनान्स कंपनीच्या कर्जासाठी दिले. कर्ज काढले छतासाठी, पावसाळ्यात घर गळत होते. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून आपोआप वळता होणार, अशा कागदावर सही झाली. आता गंमत बघा. हप्त्याची तारीख ठरलेली आहे, अनुदानाची तारीख ठरलेली नाही. ते कधी दहाला येते, कधी पंचवीसला, कधी दोन महिन्यांचे एकदम. पाच तारखेला खात्यात साठ रुपये असतात. हप्ता परत जातो. बँक परतीचा आकार लावते, २५० रुपये आणि जीएसटी ४५, असे २९५. कंपनी दहा-बारा तारखेला पुन्हा प्रयत्न करते. पुन्हा २९५. कंपनी तिच्या बाजूने वेगळा दंड लावते तो निराळाच. बावीस तारखेला २५०० जमा झाले की बँकेचे ५९० आधी जातात आणि ताईंच्या हाती १९१० येतात. हप्ता मात्र अजून भरायचाच आहे.

त्या महिन्यात मुलाच्या फिट्सच्या गोळ्या ताईंनी "पुरवून पुरवून" दिल्या. दोन वेळची एक वेळ केली. या पानाच्या वाचकांना आम्ही पुन्हा सांगतो, फिट्सची गोळी मनाने कमी करायची नाही आणि अचानक बंद तर मुळीच करायची नाही. अचानक बंद केली की फिट जोरात उलटते. एक फिट पाच मिनिटांच्या वर चालली, किंवा शुद्धीवर न येता दुसरी सुरू झाली, तर जिवाला धोका असतो आणि थेट मोठ्या दवाखान्यात न्यावे लागते. मुलाला नेमके तसेच न्यावे लागले. चार दिवस भरती होता. सुट्टीच्या कार्डावर कारण लिहिलेले होते, औषध अनियमित घेतले. कार्ड लिहिणाऱ्या डॉक्टरांची चूक नाही. पण औषध अनियमित का झाले, ते लिहायला कार्डावर रकाना नसतो.

विदर्भातल्या वाचकांना सिकलसेलचे वेगळे सांगायला नको. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आहेत. सिकलसेलचा रुग्ण एरवी चालता-फिरता दिसतो. एखाद्या रात्री हाडे ठणकायला लागली की त्याच रात्री गाडी करून निघावे लागते. त्या रात्री एटीएमसमोर उभे राहिल्यावर खात्यात ५०० आहेत असे वाटते आणि असतात ४६०. यंत्र पैसे देत नाही. वर पुष्कळ बँका शिल्लक नसताना पैसे मागितल्याबद्दल वीस-पंचवीस रुपये आणि जीएसटी कापतात. नाही म्हणण्याचेही पैसे!

आता आमच्यातलेच काही शिकलेले लोक काय म्हणतात ते सांगतो, कारण त्याचा आम्हाला राग आहे. नोकरीत स्थिरावलेले बंधू म्हणतात, "आपल्या लोकांना पैशाचे नियोजन कळत नाही. शिल्लक ठेवायची, हप्ता वेळेवर भरायचा, मग बँक कशाला कापेल?" ऐकायला बरे वाटते. पण ज्याचे सगळे उत्पन्न २५०० आहे, त्याने पाच हजार खात्यात पडून ठेवायचे कोणत्या नियोजनाने? आणि दंड लागतो तो फक्त ज्याच्याकडे नाही त्याला. ज्याच्या खात्यात लाख आहेत त्याला दंड नाहीच, वर व्याज मिळते.

ही दोन-चार घरांची गोष्ट नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सरकारने राज्यसभेत सांगितले की सरकारी बँका आणि पाच मोठ्या खासगी बँकांनी २०१८ पासून किमान शिल्लक नसल्याबद्दल २१ हजार कोटींहून जास्त रुपये वसूल केले. एटीएमच्या जादा व्यवहारांचे आणि एसएमएसचे धरून तो आकडा ३५ हजार कोटींच्या वर गेला. एवढ्या माणसांना नियोजन कळत नाही, असे म्हणायचे का?

दबाव आला की बँका बदलतात, हेही खरे. देशातल्या सर्वांत मोठ्या सरकारी बँकेने किमान शिल्लकेचा दंड २०२० च्या मार्चमध्येच बंद केला. २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी तो काढून टाकला. बँका त्याने बुडाल्या नाहीत. मग खासगी बँकेत अडकलेल्या दिव्यांगाने तो का भरावा?

काही वडीलधारे म्हणतात, बँकच नको, पूर्वीसारखे हातात पैसे द्या. ते आम्हाला मान्य नाही. रजिस्टरवर अंगठा लावून पैसे घ्यायचे दिवस आम्ही पाहिले आहेत. वाटणारा आपला वाटा आधी काढून घ्यायचा आणि हजाराच्या जागी नऊशे हातावर टेकवायचा. खाते असणे हा आपला हक्क आहे. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १३ मध्ये तर आपले आर्थिक व्यवहार आपण सांभाळण्याचा आणि बँकेचे कर्ज मिळण्याचा दिव्यांगाचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. बँक सोडू नका. खाते बदला.

कोणते खाते? त्याचे नाव 'मूलभूत बचत ठेव खाते'. बँकेत 'बीएसबीडी' म्हटले की कळते. जनधन खातेही याच प्रकारचे असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक बँकेने, खासगीनेसुद्धा, हे खाते द्यायचे असते. त्यात किमान शिल्लक नाही, शून्य रुपये असले तरी दंड नाही, एटीएम कार्डाला आकार नाही. आणि मुख्य म्हणजे नवे उघडायलाच पाहिजे असे नाही. असलेले साधे बचत खाते अर्ज करून या प्रकारात बदलून मिळते. खाते क्रमांक तोच राहिला तर अनुदानही थांबत नाही. काउंटरवर "ही स्कीम आमच्याकडे नाही" असे उत्तर मिळेल. आम्हाला तीन वेगवेगळ्या शाखांत तेच उत्तर मिळाले. अशा वेळी वाद घालू नका, लेखी अर्ज द्या आणि "नाही" हे लिहून मागा. लिहून द्यायची वेळ आली की बहुतेकांना स्कीम आठवते.

या खात्याच्या खाचाही माहीत असाव्यात. महिन्यात चार वेळा पैसे काढणे मोफत असते, त्यापुढे बँक आकार लावू शकते. पन्नास-पन्नास रुपये आठ वेळा काढले तर तिथेही कात्री लागते. याच नियमावर बोट ठेवून सर्वांत मोठ्या सरकारी बँकेने चौथ्या व्यवहारानंतर फोनवरून केलेल्या पैशाच्या व्यवहारांनाही दर वेळी १७ रुपये ७० पैसे लावले होते. आयआयटी मुंबईच्या एका अभ्यासातून २०२१ मध्ये ते उजेडात आले. गरिबाच्या खात्यातून सतरा-सतरा रुपये करून कोट्यवधी गोळा झाले होते आणि त्यातला काही भाग परत करावा लागला. दुसरी खाच अशी की एका बँकेत हे खाते असेल तर त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. तिसरी, पुरी कागदपत्रे न देता उघडलेले 'छोटे खाते' असेल तर महिन्याला १० हजारांपर्यंतच काढता येतात आणि शिल्लक ५० हजारांच्या वर जाऊ शकत नाही. थकलेले अनुदान एकदम आले की लोक गोंधळतात, म्हणून आधार आणि पॅन देऊन केवायसी पुरी करून घ्या.

खाते बदलण्याआधी एक गोष्ट तपासा. अनुदान आता थेट आधारला जोडलेल्या खात्यात येते. तुम्ही तहसीलच्या फॉर्मवर कोणते पासबुक जोडले होते, त्याला आता फार अर्थ नाही. ज्या बँकेत सर्वांत शेवटी आधार जोडले गेले, तिथे पैसे जातात. फोन हप्त्यावर घेताना, कर्ज घेताना, कोपऱ्यावरच्या सेंटरवर "फ्री खाते" काढताना अंगठा लावला, तर आधार तिकडे वळलेले असू शकते. दोन महिने अनुदान आले नाही म्हणून रडणाऱ्या एका आजीचे पैसे अशाच एका खात्यात सुखरूप पडलेले आम्हाला सापडले. त्या खात्याचे कार्ड त्यांनी कधी बघितलेही नव्हते. 'मायआधार'च्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती बघता येते. घरातल्या शिकणाऱ्या मुलीला सांगा, ती दोन मिनिटांत काढून देईल. वेगळ्या बँकेत हवे असेल तर त्या बँकेत आधार जोडणीचा अर्ज द्यायचा. अनुदानाच्या खात्यावर कोणत्याही कर्जाचा हप्ता बांधायचा नाही. हप्त्यासाठी हवे तर दुसऱ्या बँकेतले खाते द्या. ज्यांचा आधीच बांधला गेला आहे, त्यांनी कंपनीला लेखी कळवून तारीख बदलून घ्यावी, किंवा बँकेत अर्ज देऊन आपोआप वळते होण्याची परवानगी रद्द करावी. परवानगी रद्द केली म्हणजे कर्ज माफ झाले असे नाही. हप्ता रोखीने भरून पावती घ्यायची. पण निदान दर महिन्याचे २९५ वाचतात.

पासबुकात मे महिन्याच्या शेवटी आणखी दोन ओळी दिसतात, २० रुपये आणि ४३६ रुपये. या पंतप्रधान सुरक्षा आणि जीवन ज्योती विमा योजना आहेत. २० रुपयांची अपघाताची, ४३६ ची आयुर्विम्याची. पुष्कळांना आपण त्यात आहोत हेच माहीत नसते, खाते उघडताना फॉर्मवर टिक केलेली असते. आमचे मत विचाराल तर २० रुपयांची ठेवा. अपघाती मृत्यूला आणि पूर्ण अपंगत्वाला २ लाख असतात. ४३६ ची घरातल्या कमावत्याच्या नावे असेल तर जरूर ठेवा. पण अनुदानाच्या खात्यातून ती जात असेल तर मे महिन्याचा औषधाचा हिशेब आधी करा. नको असेल तर बँकेत लिहून बंद करता येते. ठेवायची असेल तर ती कुठे आहे ते घरातल्यांना सांगून ठेवा. माणूस गेल्यावर विमा होता हे वर्षाने कळल्याची घरेही आम्ही पाहिली आहेत.

ओव्हरड्राफ्टचेही विचारतात. जनधन खात्यावर १० हजारांपर्यंत ओव्हरड्राफ्ट मिळू शकतो, म्हणजे खात्यात नसलेले पैसे बँक उसने देते. त्यातले २ हजारांपर्यंत विशेष अटी नाहीत. खाते सहा महिने नीट चालवलेले पाहिजे, वय ६५ च्या आत, आणि एका घरात एकालाच, शक्यतो घरातल्या बाईला. सावकारापेक्षा आणि फोनवरच्या लोन अॅपपेक्षा हे कितीतरी बरे. पण ते कर्जच आहे हे विसरू नये. दिव्यांगाच्या अनुदानाच्या खात्यावर ओव्हरड्राफ्ट घेतला की पुढचे अनुदान आधी तो खड्डा भरते आणि हातात पुन्हा काही येत नाही. म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणाच्या जनधन खात्यावर घ्या.

पैसे काढण्याचे आणखी एक दुखणे. ज्यांना शाखेपर्यंत जाता येत नाही ते वस्तीतल्या बँक मित्राकडे अंगठा लावून काढतात. तो हजारामागे वीस-तीस रुपये ठेवून घेतो. बँक मित्राला बँकेकडून कमिशन मिळते. ग्राहकाकडून स्वतः पैसे घ्यायचा त्याला अधिकार नाही. दर वेळी पावती मागा. कुष्ठरोगाने बोटे झडलेल्यांचा, वर्षानुवर्षे सिमेंट-फिनाईलमध्ये हात घातलेल्यांचा अंगठा यंत्र ओळखत नाही, त्यांची फार ओढाताण होते. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने सत्तरीपुढच्या आणि दिव्यांग ग्राहकांना घरपोच सेवा देण्याचे बँकांना सांगितले आहे. शाखेत विचारा, आकार किती ते आधी विचारा, आणि नाही म्हटले तर तेही लिहून मागा.

दंड कापलाच असेल तर? रिझर्व्ह बँकेचा १ एप्रिल २०१५ पासूनचा नियम असा की किमान शिल्लक कमी झाली तर बँकेने आधी कळवायचे आणि महिन्याची मुदत द्यायची. दंड जेवढी रक्कम कमी पडली त्या प्रमाणात असावा. आणि केवळ या दंडामुळे खाते शून्याच्या खाली, वजामध्ये जाता कामा नये. ज्या खात्यात बराच काळ व्यवहार नाही म्हणून ते बंद अवस्थेत टाकले आहे, त्याला किमान शिल्लकेचा दंड लावता येत नाही, आणि ते पुन्हा सुरू करायलाही आकार नाही. कर्जाच्या बाबतीत २०२४ पासून नियम आहे की हप्ता चुकल्याच्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. आधी शाखेत लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचे. तिथे फी नाही, वकील लागत नाही. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. काकांचे मागचे सगळे पैसे परत आले नाहीत. सहा महिन्यांचे आले, आणि खाते बदलले. ताईंचे काहीच परत आले नाही, पण हप्त्याची तारीख बदलली.

हे सगळे एकेका घराने करायचे, हेच मुळात चुकीचे आहे. पायाने अधू माणसाने शाखेच्या पायऱ्या चढून अर्ज द्यावा, मग सरकारने दिलेले पैसे त्याला पुरते मिळावेत, ही कसली व्यवस्था? २०२४ च्या ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते जमा झाले तेव्हा बँकांनी जुने दंड आणि थकबाकी त्यातून कापायला सुरुवात केली. बायकांनी ओरड केली, वर्तमानपत्रांत आले, आणि राज्य सरकारने बँकांना बजावले की हे पैसे वळते करू नका. म्हणजे सांगता येते. एका पत्राने होते. मग तेच पत्र दिव्यांगांच्या अनुदानासाठी का निघत नाही? दिव्यांगांची ओरड घराबाहेर पोहोचत नाही म्हणून?

आमचे म्हणणे एवढेच आहे की तहसील कार्यालयात अनुदान मंजूर होते त्याच दिवशी ते ज्या खात्यात जाणार ते मूलभूत खाते आहे की नाही हे बघितले जावे, नसेल तर बँकेने अर्जाविना ते बदलावे, आणि अनुदानाच्या रकमेतून कोणताही आकार, कोणताही हप्ता लाभार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय कापला जाऊ नये. आणि अनुदानाची एक तारीख ठरवावी. पगाराला तारीख असते, हप्त्याला तारीख असते, दिव्यांगाच्या पैशालाच का नसावी? संजय गांधी योजनेच्या तालुका समितीवर आपल्या वस्तीतले जे कोणी असतील त्यांनी हे बैठकीत मांडावे. समितीवर नाव लागले की फोटो काढून घेणारे पुष्कळ असतात. फोटोबरोबर हा एक ठरावही करून घ्या.

तोपर्यंत रविवारी विहारात सगळे जमतात तेव्हा अर्धा तास पासबुकांसाठी ठेवा. दहावी-बारावीची मुले-मुली ओळी वाचून दाखवतील. 'मिन बॅल', 'एसएमएस', 'डिक्लाइन', 'रिटर्न', 'एएमसी' असे शब्द दिसले की त्याखाली पेन्सिलने रेघ मारा आणि वर्षाची बेरीज करा. पासबुक भरून घेतलेले नसेल तर आधी भरून आणा. नुसत्या फोनवरच्या मेसेजवर विसंबू नका. ज्या घरात मतिमंद किंवा मानसिक आजाराचा रुग्ण आहे, तिथले पासबुक पालकाने स्वतः आणावे. दुसऱ्याच्या हाती पिन देऊ नये, अगदी आमच्याही नाही.

अर्ज साध्या कागदावर चालतो. आम्ही असा लिहितो:

"मा. शाखा व्यवस्थापक यांस. मी आपल्या शाखेचा खातेदार असून दिव्यांग आहे. माझ्या खात्यात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे अनुदान जमा होते. माझे दुसरे उत्पन्न नाही. माझे बचत खाते मूलभूत बचत ठेव खात्यात बदलून द्यावे. या खात्यातून किमान शिल्लकेपोटी आजवर कापलेल्या रकमेचा तपशील तारखांसह द्यावा, आणि मला आगाऊ न कळवता कापलेली रक्कम परत जमा करावी. माझ्या संमतीशिवाय या खात्यातून कोणताही हप्ता वळता करू नये. दिव्यांग प्रमाणपत्राची व अनुदान मंजुरीच्या पत्राची प्रत जोडली आहे."

खाली खाते क्रमांक, तारीख आणि सही किंवा अंगठा. अर्ज दोन प्रतींत न्या. एका प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या, आणि ती प्रत पासबुकाच्या आत ठेवा, गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर.